दंड भरून मिटलेली केस

लग्नाच्या नात्यावर परदेशात कायम राहण्याची परवानगी मागितली की दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या जातात. लग्न खरे आहे का, ही पहिली. ज्याच्यासाठी परवानगी मागितली तो माणूस त्या देशात येण्यास कायद्याने पात्र आहे का, ही दुसरी. पहिलीची तयारी बहुतेक घरे कसून करतात. लग्नाचा दाखला, पत्रिका, मांडवातले फोटो, एकत्र बँक खाते, दोघांच्या फोनवरच्या बोलण्याच्या नोंदी असे सगळे फाईलला लागते. दुसरीकडे लक्ष जाते ते पोलीस दाखला मागितला गेल्यावर. तोवर कॉलेजच्या वयातली मारामारी, पत्त्यांच्या डावावर पडलेली धाड किंवा रास्ता रोकोत झालेली अटक घरात कोणाच्या गणतीत नसते. लग्नामुळे अर्ज करता येतो. जुना गुन्हा त्याने पुसला जात नाही.

बेळगाव शहराला लागून असलेल्या कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्दमध्ये, तसेच निपाणीच्या पट्ट्यात, अशा प्रकरणांना सर्रास 'पेटी केस' म्हणतात. कोर्टातल्या इंग्रजीतून उतरलेल्या या शब्दाचा ट्रंकेशी काही संबंध नाही, क्षुल्लक एवढाच त्याचा अर्थ. कर्नाटक पोलीस कायदा १९६३ च्या कलम ८७ खाली रस्त्याकडेला अंदर-बाहर खेळताना धरलेले, त्याच कायद्याच्या ७८(३) खाली मटक्याच्या चिठ्ठीसह सापडलेले, बेदरकार गाडी हाकल्याबद्दल कोर्टात गेलेले, शेताच्या बांधावरून भाऊबंदांत हाणामारी झालेले, असे सगळे या एका शब्दात बसतात. निकाल काय लागला असे विचारले तर उत्तरही ठरलेले असते: दंड भरला, केस मिटली.

घोटाळा या 'मिटली'मध्ये आहे. कोर्टात केस अनेक प्रकारे मिटते आणि प्रत्येक प्रकाराचा परदेशी कायद्यातला अर्थ निराळा. साध्या दुखापतीची केस घ्या. जुन्या दंडसंहितेत तिचे कलम ३२३ होते; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ११५(२) आहे. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष, आणि गुन्हा तडजोडीस पात्र. दोन्ही बाजू न्यायाधीशापुढे उभ्या राहून राजी झाल्या तर कायद्याने त्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच होतो. त्याच केसमध्ये आरोपीने गुन्हा कबूल करून पाचशे रुपये भरले, तर ती दोषसिद्धी. घरी येताना दोघांच्याही मनावरचे ओझे सारखेच उतरलेले असते. कागदावर मात्र एकाला शिक्षा नाही आणि दुसरा गुन्हेगार ठरलेला आहे. रोज तारखांना यायचा कंटाळा, बुडणारी रोजी आणि 'कबूल करून टाका, दुपारपर्यंत मोकळे व्हाल' असा सल्ला यापायी कितीतरी तरुण दुसरी वाट धरतात. त्या दिवसापुरता हिशेब बरोबरही असतो.

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याने दोषसिद्धीची व्याख्या स्वतःपुरती करून ठेवली आहे. आरोपीने कबुली दिली आणि कोर्टाने कसलीही शिक्षा वा बंधन घातले, एवढे पुरते. पुढे चांगल्या वर्तणुकीवर सोडले, नोंद पुसली किंवा माफी दिली तरी बहुधा फरक पडत नाही. दुसऱ्या देशाच्या सरकारने दिलेली माफी तिथे धरली जात नाही. त्यामुळे भारतात १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली समज देऊन सोडलेला तरुण इथे नोकरीला अपात्र ठरत नसला, तरी तिथल्या अर्जात तो प्रश्न उभा राहू शकतो. अठरा वर्षांखालील मुलाचे बाल न्याय मंडळापुढचे प्रकरण मात्र सहसा दोषसिद्धी मानत नाहीत.

परदेशी वकिलातीच्या आधी पासपोर्ट कार्यालय लागते. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६(२)(एफ) प्रमाणे फौजदारी न्यायालयात खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने त्यातून वाट काढून दिली आहे: ज्या कोर्टात खटला आहे त्याची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. परवानगीत मुदत लिहिलेली नसेल तर तो एकाच वर्षाचा. स्थलांतराच्या कामी एक वर्षाचा पासपोर्ट म्हणजे जवळजवळ निकामी वस्तू, म्हणून मुदतीचा उल्लेख अर्जातच मागून घ्यावा लागतो. नुसता एफआयआर नोंदला म्हणजे खटला चालू झाला असे होत नाही, कोर्टाने त्याची दखल घ्यावी लागते, असे अनेक उच्च न्यायालयांनी सांगितले आहे. कर्नाटकात तपास संपवून पोलीस 'बी रिपोर्ट' देतात तेव्हा आरोपात तथ्य आढळले नाही असा त्याचा अर्थ. तो कोर्टाने स्वीकारल्याचा आदेश हातात असेल तर पुढचे बरेच प्रश्न सुटतात. पासपोर्टच्या अर्जात चालू केस दडवली तर तो स्वतंत्र गुन्हा होतो, दोन वर्षांपर्यंत कैदेचा.

परदेशात राहायला जाणाऱ्याला लागणारा पोलीस दाखलाही, ज्याला सगळे पीसीसी म्हणतात, पासपोर्ट कार्यालयच देते. शुल्क पाचशे रुपये. कर्नाटकासाठी प्रादेशिक कार्यालय बेंगळुरूचे, चौकशी मात्र राहत्या पत्त्याच्या ठाण्यातून. इथे दोषसिद्धी नसलेल्या गोष्टीही वर येतात. सार्वजनिक शांतता राखण्यासाठी हमीपत्र घेतात त्याला सीमाभागात आजही '१०७ ची केस' म्हणतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १२६ झाले असले तरी. हा गुन्हा नव्हे. गुन्हा होऊ नये म्हणून घेतलेली हमी. रावडी शीट हीदेखील शिक्षा नव्हे, पोलिसांची नजर ठेवण्याची वही. पण ठाण्याच्या अहवालात ती उमटली की दाखला अडतो, आणि मग नाव काढून घेण्यासाठी अर्ज-विनंत्यांचा फेरा सुरू होतो.

सीमाभागात या वहीला एक वेगळाच इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी काळा दिन पाळला जातो. सायकल फेरी, मोर्चे, फलक, घोषणा, आणि त्यांच्यामागून गुन्हे. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरच्या 'महाराष्ट्र राज्य' फलकावरून पोलीस कारवाई झाली आणि गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. त्या वेळी विशीत असलेले आज संसाराच्या वयाचे आहेत. अशा दिवशी सकाळी उचलून नेऊन संध्याकाळी सोडलेल्या माणसाला आपल्याला 'अटक' झाली होती असे वाटतही नाही. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाच्या फॉर्ममधला प्रश्न मात्र कधीही अटक किंवा शिक्षा झाली होती का, असा आहे.

आंदोलनाचे गुन्हे सगळे एका मापाचे नसतात. बेकायदा जमाव, रस्ता अडवणे, मनाई आदेश मोडणे यांत अप्रामाणिकपणा किंवा दुष्टावा नसतो, म्हणून ते सहसा व्हिसाच्या आड येत नाहीत. निव्वळ राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्याला अमेरिकी कायद्यात सूटही आहे, पण ती फार आकसून लावली जाते; चळवळीत घडला एवढ्यावर दगडफेकीचा गुन्हा राजकीय ठरत नाही. चळवळीच्या आरोपपत्रात एक-दोन जड कलमे बहुधा जोडलेली असतात. सरकारी नोकरावर हल्ला (जुने ३५३, नवे १३२) आणि १९८४ च्या कायद्याखाली सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान ही त्यांतली नेहमीची. दुसऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कधी सरकार अशा केसेस मागे घेते. तेव्हा सरकारी वकिलाचा अर्ज पुरत नाही, कोर्टाची संमती लागते आणि त्या आदेशाची नक्कल जपावी लागते. वर्तमानपत्रातली 'गुन्हे मागे' ही बातमी वकिलातीत चालत नाही.

अमेरिकेच्या निकषाला मराठीत नैतिक अधःपतनाचा गुन्हा म्हणतात, आणि हा शब्द भारतीय पासपोर्ट कायद्यातही आहे. चोरी, फसवणूक, खोटी कागदपत्रे, हेतुपुरस्सर गंभीर इजा हे त्यात येतात. साधी झटापट आणि वाहतुकीचे बहुतेक गुन्हे येत नाहीत. एक पळवाट कायद्यानेच ठेवली आहे. असा गुन्हा आयुष्यात एकच असेल, कलमात जास्तीत जास्त एक वर्षापर्यंतचीच शिक्षा असेल आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांहून जास्त झाली नसेल, तर तो क्षुल्लक समजून सोडतात. लोकांची गल्लत इथेच होते. त्यांना वाटते दंड किती भरला ते बघतात. बघतात ते कलमात काय लिहिले आहे. दुकानातून मोबाइल उचलल्याच्या केसमध्ये पाचशे रुपये दंड झाला असला तरी जुन्या ३७९ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सूट गेली. फसवणुकीच्या ४२० ला तर सात वर्षे होती.

मग उरतो माफीचा अर्ज, म्हणजे वेव्हर. या ठिकाणी लग्नाचे नाते पुन्हा कामी येते. अर्जदाराला प्रवेश नाकारल्यास अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या पती-पत्नीला, आईवडिलांना वा मुलांना पराकोटीचा त्रास होईल हे दाखवावे लागते. विरहाचे दुःख त्यात धरत नाहीत, कारण ते सगळ्यांनाच होते. आजारपण, अपंग मूल, वृद्ध सासऱ्यांची जबाबदारी, कर्ज, भारतात येऊन राहणे अशक्य का आहे याची कारणे, असे पुराव्यानिशी मांडावे लागते. गुन्ह्याला पंधरा वर्षे उलटली असतील तर त्रास न दाखवताही, माणूस सुधारला आहे या आधारावर माफी मागता येते. देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

अमली पदार्थांना ही दयाबुद्धी नाही. भारताच्या १९८५ च्या कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' मानला जातो आणि त्याची शिक्षाही त्या मानाने हलकी. अमेरिकेत माफी मागता येते ती फक्त एकदाच, आणि तीही तीस ग्रॅमपर्यंतचा गांजा स्वतःपुरता जवळ बाळगल्याबद्दल. त्यापुढे दार बंद. शिवाय शिक्षाच झालेली असावी असे नाही, नीट विचारलेल्या प्रश्नाला दिलेली स्पष्ट कबुलीही पुरते. तिथल्या कित्येक राज्यांत गांजा दुकानात मिळतो, म्हणून विचारल्यावर हसत हो म्हणणारे असतात. स्थलांतराचा कायदा केंद्राचा आहे आणि केंद्राच्या लेखी तो अजून निषिद्ध आहे. शिवरात्रीची भांगही यातून सुटत नाही. भारताच्या कायद्याने शेंड्याविना असलेली पाने गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत, अमेरिकेने ठेवलेली नाहीत.

दारू पिऊन गाडी चालवणे हा देशागणिक रंग बदलणारा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिने कैद. दहा हजार भरून सुटणारेच जास्त. अमेरिका हा गुन्हा नैतिक अधःपतनात धरत नाही, पण गेल्या पाच वर्षांत एक किंवा दहा वर्षांत दोन अटका असतील तर अर्जदाराला वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवते. दारूचे व्यसन आणि त्यातून इतरांना धोका असा शेरा पडला तर अडचण आरोग्याच्या खात्यात जमा होते. काही काळ व्यसनमुक्त राहून पुन्हा तपासणी द्यावी लागते. कॅनडाचे तर्कशास्त्र निराळे. हेच कृत्य कॅनडात घडले असते तर किती शिक्षा झाली असती, असे तो देश विचारतो. १८ डिसेंबर २०१८ पासून तिथे या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षे झाली आणि एका रात्रीत तो 'गंभीर' वर्गात गेला. किरकोळ गुन्ह्यांत शिक्षा भोगून दहा वर्षे गेली की माणूस आपोआप सुधारला असे कॅनडा धरतो. या तारखेनंतरच्या अशा गुन्ह्याला ती सवलत नाही, पाच वर्षांनी रीतसर अर्ज करून पुनर्वसनाचा आदेश मिळवावा लागतो. बेळगावात दहा हजारांवर मिटलेली रात्र ओंटारियोत जास्त महाग पडते ती अशी.

ब्रिटनच्या फॉर्ममध्ये गुन्ह्यांच्या जोडीला वाहन चालवण्याबद्दलच्या शिक्षा आणि दिवाणी कोर्टाचे निकालही विचारतात. आणि एकदाच नव्हे. पाच वर्षांनी कायम रहिवास मागताना पुन्हा विचारतात. युरोपीय संघाचा २००४ चा नियम सर्वांत उदार. गोव्याशी सोयरिकी असलेल्या बेळगावकरांना तो उपयोगी पडतो, कारण १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे वंशज पोर्तुगीज नागरिकत्व घेतात. असा नागरिक आयर्लंड किंवा जर्मनीत राहत असेल तर त्याच्या पत्नीला वा पतीला केवळ जुनी शिक्षा झाली होती म्हणून नाकारता येत नाही. आज समाजाला खरा आणि गंभीर धोका आहे असे सरकारने दाखवायचे असते.

दुसरे लग्न असलेल्यांच्या फाईलमध्ये बहुतेकदा ४९८-अ सापडते (नवे कलम ८५). पहिल्या लग्नाच्या तडजोडीत 'सर्व केसेस मागे घेण्याचे ठरले' असे एक वाक्य असते आणि दोन्ही घरांचा त्यावर भरवसा. पण कर्नाटकात हा गुन्हा तडजोडीस पात्र नाही, फिर्यादीने मागे घेतो म्हटल्याने तो संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या ग्यान सिंग निकालाच्या आधारे उच्च न्यायालयाकडून तो रद्द करून घ्यावा लागतो. बेळगाव जिल्ह्यासाठी ते धारवाड खंडपीठ; २००८ मध्ये फिरते म्हणून सुरू झाले, २०१३ मध्ये कायम झाले. रद्द झालेली केस शिक्षा नव्हे. अटक झाली होती का, या प्रश्नाला मात्र उत्तर 'हो' असेच द्यावे लागते.

तपासणी एकतर्फी नसते. बोलावणाऱ्या जोडीदाराचा इतिहासही बघतात. अमेरिकेत २००६ च्या कायद्याने अल्पवयीनांविरुद्धच्या ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या नागरिकाला पत्नीसाठी अर्ज करता येत नाही, जोडीदाराला धोका नाही हे त्याने सिद्ध केल्याशिवाय. कॅनडातही नातेवाइकाला मारहाण केल्याची शिक्षा प्रायोजकाला काही वर्षे बाद करते. स्थळ बघताना पगार, घर, कुळी, अगदी व्हिसाची मुदतसुद्धा विचारली जाते. जुन्या गुन्ह्याचा प्रश्न विचारणे मात्र अपमानाचे समजतात.

गुन्ह्यापेक्षा लपवणे जास्त अंगाशी येते, आणि त्यामागचे गणित सरळ आहे. पत्त्यांच्या डावाची एक केस व्हिसा अडवत नाही. ती विचारल्यावर 'नाही' म्हटले आणि ती बाब निर्णयाला महत्त्वाची ठरली, तर अमेरिकेत तो खोट्या माहितीचा वेगळा दोष होतो. त्याला मुदत नाही, तो जन्मभराचा. माफीही मिळते ती पती-पत्नी किंवा आईवडिलांच्या त्रासावरच, मुलांच्या नव्हे. कॅनडात खोट्या माहितीबद्दल पाच वर्षे अर्ज करता येत नाही. पुण्यात किंवा बेंगळुरूत शिकताना झालेली केस राहत्या पत्त्याच्या ठाण्याला कळणार नाही, हा हिशेब एकेकाळी चालायचा. देशातली ठाणी आता सीसीटीएनएस या गुन्हे-नोंदींच्या संगणकी जाळ्याने जोडलेली आहेत.

उलट दिशेची वाटही आहे. भारतीयाशी लग्न केलेला परदेशी जोडीदार लग्न नोंदवून दोन वर्षे झाल्यावर ओसीआय कार्ड मागू शकतो, सुरक्षा चौकशीच्या अटीवर. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार दोन वर्षे किंवा अधिक कैद झाली, अथवा सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झाले, तर ते रद्द होऊ शकते. इथे नुसते आरोपपत्रही पुरते, हे लक्षात घेण्याजोगे.

कागद जमवणे हे सीमाभागात स्वतंत्र काम होऊन बसते. अर्जदार मराठी वाचतो, एफआयआर, आरोपपत्र आणि रोजनामा कन्नडमध्ये असतो आणि वकिलातीला इंग्रजी हवे असते. दहा वर्षांपूर्वी आपण कशावर सही केली हे अनेकांना भाषांतर हातात आल्यावरच कळते. राजी झालो असे वाटत होते, निघते गुन्हा कबूल केलेला. नावांचा घोळ वेगळा. मराठी नाव कन्नडमध्ये उतरते, तिथून इंग्रजीत, आणि पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी जुळत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पूर्वीच्या कागदांवर 'बेळगाव', नंतरच्यांवर 'बेळगावी'. त्यासाठी एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडतात. कोर्टाच्या नक्कल विभागातून मागायचे ते आरोपपत्र, अंतिम आदेश आणि दंडाची पावती, तिन्ही प्रमाणित. जुन्या किरकोळ प्रकरणांची दप्तरे ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. तसे झाले असेल तर रेकॉर्ड उपलब्ध नाही असा कोर्टाचाच शेरा घ्यावा लागतो, आणि अर्जासोबत त्या कागदाच्या जागी तो जोडावा लागतो.